पाच सूत

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली, मधल्या खणाच्या वरच्या फळीसाठी आधी मारलेली खूण अंगठ्याने पुसली आणि नवी खूण पाच सूत खाली मारली.

इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. पाच सूत म्हणजे अर्ध्या इंचाहून जरासं जास्त. बघणाऱ्याच्या डोळ्यांना ते कळणार नव्हतं. मधला खण तेवढा बुटका होणार, त्याच्यावरचा तेवढा उंच, आणि पुस्तकांची ती आख्खी भिंत आधीइतकीच देखणी दिसणार. फक्त एक गोष्ट बिघडणार होती. घरमालकिणीच्या वडिलांचा, झाडापानांच्या चित्रांचा एकोणीस खंडांचा संच होता, एकेक खंड सव्वातेरा इंच उंच. मधला खण खास त्यांच्यासाठी होता. आता त्यात ते खंड उभे राहणार नव्हते. एका सुताने अडणार होते.

त्याने काटकोनाचा गुण्या लावला, रेघ ओढली आणि ती दोन्ही बाजूंना सारखी उतरवली. सव्वीस वर्षांत त्याचा हात मापावर कधी हलला नव्हता, तो आजही हलला नाही. पाप करायचं तर तेही काटकोनात, अशी त्याची तऱ्हा. मग त्याने पटाशी उचलली आणि खाच पाडायला घेतली.

हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं त्या मांडणीवाल्या बाई तीन दिवसांनी येणार होत्या.

कामाची रीत ठरलेली होती. सजावट साहेबांची; म्हणजे नकाशे त्यांचे, गिऱ्हाईक त्यांचं आणि शेवटचा शब्दही त्यांचा. पुस्तकांची भिंत मिस्त्रीची. तीन-तीन आठवडे तो लाकडाशी झटायचा. पॉलिश सुकलं, भुसा झाडून झाला, की बाई यायच्या. घरातली पुस्तकं खोक्यांतून काढायच्या, काही उभी लावायच्या, काही आडवी, मध्येच एखादा गोटा, एखादी पितळी घंटा, कुणाच्या तरी आजोबांची मोडकी दुर्बीण. मग दारापर्यंत मागे जाऊन एक डोळा मिटून बघायच्या आणि परत येऊन एकच पुस्तक बोटभर सरकवायच्या. चार तासांत सगळं आटोपायचं. घरची माणसं आत यायची आणि म्हणायची, "अगं बाई, काय सुंदर झालंय!"

सुंदर काय, तर मांडणी. भिंत जशी काही आपली आपण उगवली होती.

"आयत्या बिळावर नागोबा," मिस्त्री मनात म्हणायचा. नागोबा तरी गुपचूप बसतो, कुणाला हुकूम सोडत नाही. सहा वर्षांत बाई त्याच्याशी जेमतेम शंभर वाक्यं बोलल्या असतील, आणि त्यांतली निम्मी 'मिस्त्री, जरा बाजूला व्हा' हीच. तुम्हाला मुलंबाळं किती, एवढंसुद्धा त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यानेही त्यांना विचारलं नव्हतं, पण ती गोष्ट वेगळी.

त्यातही दोन गोष्टी त्याला विशेष खुपायच्या. एक म्हणजे बाईंच्या पिशवीत टेप नसायचा. रंगारी येवो, काचवाला येवो, खुद्द साहेब येवोत, जो तो मिस्त्रीच्या मागून आपला टेप लावायचा आणि मगच मान हलवायचा. त्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं, धंद्याची रीतच ती. बाई मात्र कुठल्या खणात काय जाणार ते घरूनच ठरवून यायच्या आणि काही न मोजता पुस्तकं ठेवत सुटायच्या. माप घ्यायचं ठाऊक नाही आणि म्हणे मांडणी करतात! दुसरी गोष्ट म्हणजे दर भिंतीत त्या एक खण रिकामा सोडायच्या. साफ रिकामा. आणि तोही नेमका असा, की ज्याच्यात मिस्त्रीने सगळ्यांत जास्त जीव ओतलेला असायचा. तो खण तसा पोरका दिसला की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढ्या भिंतीत यांना सोडायला हाच सापडतो?

तरीही त्याने आजवर त्यांच्या वाटेत काही आणलं नव्हतं. ठिणगी पडली ती त्याच्या स्वतःच्या घरात.

दोन महिन्यांपूर्वी एका मासिकात त्यांनी याआधी केलेल्या घरातल्या भिंतीचं चित्र छापून आलं होतं. पान भरून. साहेबांनी एक अंक त्याला दिला. तो त्याने घडी न पडू देता घरी नेला आणि काही न बोलता बायकोच्या पुढ्यात उघडून ठेवला. बायकोने चष्मा लावून पान जवळ धरलं.

"अहो, काय छान केलंय हो! कुणी केलं?"

"मी."

"फळ्या नव्हे हो. हे. पुस्तकं कशी लावलीत ते."

मिस्त्रीने कप उचलला आणि निवलेला चहा एका घोटात संपवला.

"आहेत एक बाई."

"त्यांना एकदा आपल्याकडे आणा की," बायको म्हणाली. "ती स्वयंपाकघरातली फळी नुसती अंगावर येते. त्या काहीतरी करतील तिचं."

स्वयंपाकघरातली फळी त्याने लग्नाच्या वर्षी केली होती. बिनखिळ्याची. चित्राखाली बारीक अक्षरांत नावं होती: साहेबांचं, बाईंचं, फोटो काढणाऱ्याचंसुद्धा. मिस्त्रीने ती बायकोच्या खांद्यावरून तीनदा वाचली. तोवर आपल्याला बाईंचा राग येतो असं तो समजत होता. त्या दिवशी त्याला स्वच्छ कळलं की हा राग नव्हे, हेवा आहे. रागाचं कारण चारचौघांत सांगता तरी येतं. हे बायकोलाही सांगता येईना.

मग या घराचं काम निघालं आणि संधी आपल्या पायांनी चालत आली. नकाशात मधल्या खणाची उंची लिहिलेलीच नव्हती. तिथे 'मांडणीच्या बाईंना विचारून' एवढंच होतं. बाई एकदा संच बघायला आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या,

"मिस्त्री, मधला खण पावणेचौदा ठेवा. खंड सव्वातेरा आहेत. वर बोट जाईल एवढी फट हवी, बास."

"लिहून देता?"

"कशाला? तुम्हाला सांगितलं ना."

आणि गेल्यासुद्धा. केवढा तो ताठा! मिस्त्रीने आकडा पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवला. त्यावर मागची फळी बसली आणि तो आकडा लाकडाआड गेला. आता तो दोनच माणसांना ठाऊक होता, आणि त्यांतलं एक माणूस कागद देऊन बसलं नव्हतं.

ठरल्या दिवशी बाई आल्या तेव्हा मिस्त्रीचं खरं म्हणजे तिथे काहीच काम नव्हतं. पॉलिशवर शेवटचा हात फिरवायचाय, असं सांगून तो फडकं घेऊन थांबला होता. घरमालकीण, नुकताच दवाखाना बंद केलेली दातांची डॉक्टर, खिडकीत बसून सगळं बघत होती. साहेब स्वयंपाकघरात नळवाल्याशी वाद घालत होते.

बाईंनी पदर खोचला आणि खोकी उघडली. सगळ्यांत वर प्रवासाची पुस्तकं, घरमालकिणीच्या नवऱ्याची. त्यांच्या शेजारी होकायंत्र. खाली, हाताला लागतील अशी, नातवंडांची. हात झपझप चालत होते. दर थोड्या वेळाने घरमालकीण म्हणत होती, "अय्या, हे असं? मला कधी सुचलंच नसतं!" प्रत्येक 'अय्या'ला मिस्त्री तीच फळी पुन्हा घासत होता. लाकूड निवडायला आपण वखारीत चार फेऱ्या मारल्या, त्याला एक 'अय्या' नाही. तो भिंतीलगत ठेवलेल्या शेवटच्या चार खोक्यांकडे बघायचा आणि स्वतःला समजवायचा, थांब, थोडाच वेळ.

डावीकडचा वरून दुसरा खण रिकामा टाकून बाई पुढे सरकल्या.

"हा राहिला," घरमालकीण म्हणाली.

"राहिला नाही, ठेवलाय." बाईंनी तिला हाताने बोलावलं. "इकडे या. या कोपऱ्यावर बोट फिरवा. सांधा लागतो का?"

"नाही बाई."

"ही उभी फळी आणि ही आडवी, दोन्ही एकाच लाकडाच्या. रेघ बघा, खालून येते आणि वळून आडवी जाते. मिस्त्री दर भिंतीत असा एक कोपरा करून ठेवतात. कुठे ते सांगत नाहीत. मला शोधावा लागतो. इथे पुस्तक ठेवलं की हे झाकून जाईल."

बोलता बोलता त्यांनी पुढचं खोकं ओढलं. मिस्त्रीकडे बघितलंही नाही. स्तुती करायची म्हणून त्या बोलल्याच नव्हत्या. खिडकी उत्तरेला आहे, अशा सुरात सांगत होत्या.

मिस्त्रीचा फडक्याचा हात जागीच थांबला. तो कोपरा त्याने आजवर कुणालाही दाखवला नव्हता. साहेबांना नाही, बायकोला नाही. आपला आपल्यापुरता असलेला हा खेळ सहा वर्षं कुणीतरी पलीकडून खेळत होतं, हे त्याला आज कळत होतं. आणि भिंतीलगत चार खोकी बाकी होती.

बाईंनी पहिल्याची दोरी सोडली.

"बाई," मिस्त्री एकदम म्हणाला. "ते मोठे खंड... आडवे ठेवले तर? चांगले दिसतील आडवे."

बाईंनी वळून पाहिलं. मांडणीत मिस्त्रीने मत देण्याची ही पहिलीच वेळ होती.

"छे. ते उभेच. यांचे वडील उभे ठेवायचे."

"हो, उभेच," घरमालकीण म्हणाली. तिने पहिला खंड स्वतः उचलला, गडद हिरव्या कातड्याचा, आणि पोटाशी धरून आणला. "हा पहिला मी ठेवते हं."

खंडाची खालची कड फळीवर टेकली. वरची आत जाईना. तिने जरा जोर दिला, कातडं फळीला घासलं आणि टक् असा आवाज झाला. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी खंड हातात घेतला, तिरका करून पाहिला, दुसरा आणला, तिसरा आणला. प्रत्येक वेळी तेच.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी कमरेचा टेप काढून खणाला लावला.

"तेरा इंच एक सूत. बाई, तुम्ही किती सांगितलं होतं?"

"पावणेचौदा म्हटल्यासारखं आठवतंय."

"आठवतंय? लिहून नाही दिलंत?"

"नाही."

साहेबांनी टेप खटकन मिटवला. गिऱ्हाइकासमोर ते कधी आवाज चढवत नसत. फक्त एकेक शब्द सुटा करून बोलत. "मिस्त्री, तुम्हाला काय सांगितलं होतं यांनी?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर त्याने तीन दिवस घोळवून ठेवलं होतं. पण ते द्यायची वेळच आली नाही.

"त्यांना कशाला विचारता?" बाई म्हणाल्या. "मिस्त्रींचं माप चुकत नाही. मीच काहीतरी भलतं बोलले असणार. सव्वातेरा डोक्यात होतं, त्यात आकड्यांचा घोळ झाला असेल."

"आणि आता ही फळी काढायची?"

"माझी चूक आहे."

"काम मात्र तुमचं फार सुरेख आहे हो, मिस्त्री," घरमालकीण मध्येच म्हणाली, बहुधा खोलीतली हवा जरा हलकी करायला. "आत्ता त्यांनी दाखवलं म्हणून कळलं. नाहीतर आम्ही काय, नुसती पुस्तकं बघतो."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी तो आसुसला होता ते असं समोर येऊन पडलं. मिस्त्रीला ते उचलवेना.

साहेब बाईंना खिडकीपाशी घेऊन गेले. हळू बोलत होते, पण रिकाम्या घरात सगळं ऐकू येतं. "हे बघा, पुढचं वाचनालयाचं काम मोठं आहे. तिथे असलं चालायचं नाही. भाची माझ्या मागे लागलीच आहे, तिला घेतो. तुम्ही काही दिवस थांबा."

"काही दिवस म्हणजे?"

"बघू."

बाईंनी मान हलवली. परत येऊन त्यांनी तिन्ही खंड एकेक करून पुसले आणि खोक्यात ठेवायला लागल्या. तिसरा आत जाताना त्यांच्या हाताला नेहमीची चलाखी नव्हती. खोक्याची कड दुमडली, ती त्यांनी दोनदा सरळ केली.

"साहेब," मिस्त्री म्हणाला. "बाईंनी पावणेचौदाच सांगितलं होतं."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"माप माझं चुकलं."

सव्वीस वर्षांत हे तीन शब्द त्याने कधी उच्चारले नव्हते. शिकाऊ होता तेव्हाही नाही. साहेब चक्क हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"तुमचं? अहो मिस्त्री, म्हणजे तुम्हीही माणूसच की! असू दे, होतं. दोन दिवसांत करून टाका. बाई, तुमचं वाचनालय तुमच्याकडेच हं, विसरा मघाचं."

एवढ्यावर मिटलं. ज्या चुकीपायी बाईंचं काम सुटत होतं तीच चूक मिस्त्रीला एका थापेत माफ झाली. साहेब परत नळवाल्याकडे गेले. घरमालकीण सगळ्यांसाठी चहा टाकते म्हणाली आणि उठली.

बाई उठून मधल्या खणापाशी आल्या. त्यांनी वरच्या फळीच्या खालच्या अंगाला अंगठा लावला आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेला. सांधा दोन्हीकडे घट्ट होता. फळी रेषेत होती, एक केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही. घाईत किंवा बेसावधपणे बसवलेली फळी अशी बसत नाही. त्यांनी मान वर करून वरच्या खणाकडे पाहिलं, मग परत खालच्या. मग मिस्त्रीकडे.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू की स्वयंपाकघरात जाऊ नये. "तुमचं माप चुकत नाही."

मिस्त्री फडक्याची घडी घालत राहिला. ती घडी काही केल्या सरळ येईना.

पुढचे दोन दिवस तो एकटाच राबला. फळी सोडवली, पाच सूत वर नवी खाच पाडली, जुन्या खाचेत त्याच लाकडाची पट्टी बसवून ती रंधली, वर पॉलिशचे तीन हात दिले. डोळ्यांना आता काही दिसत नव्हतं. हाताला मात्र कळलं असतं. त्याने स्वतः चार वेळा हात फिरवून पाहिला आणि चारही वेळा त्याला कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. त्यांनी पिशवी खिडकीत ठेवली, पदर खोचला. खंडांची खोकी भिंतीलगत तशीच होती. तिकडे त्या गेल्या नाहीत.

"मिस्त्री, टेप द्या जरा."

त्याने कमरेचा टेप काढून दिला.

बाईंनी तो आधी खणाच्या डाव्या टोकाला लावला. मग मध्ये. मग उजव्या टोकाला. प्रत्येक वेळी वाकून त्यांनी आकडा नीट वाचला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि टेप परत दिला.

सहा वर्षांत असं त्या त्याला पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या.